अघोषित मामा

पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'अघोषित मामा : एक'.

मुबारकभाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर आणला आणि माझ्याकडे पाहिलं. कराडच्या स्टँडमागे त्यांचं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, प्रतिज्ञापत्रं, पडताळणी, सगळं तिथंच होतं. माझा जन्माचा दाखलासुद्धा त्यांनीच काढून दिलेला.

"शालू, एखादा मामा इसरलीस का गं?"

"आईला भाऊच नाही, मुबारकभाई. तुम्हाला माहीत नाही का?"

"मला म्हाईत हाय. आत्याबाईला सांग."

आत्याबाई म्हणजे संबंध-पडताळणीचं यंत्र. हे नाव मुबारकभाईंनीच ठेवलेलं. लग्नघरात एक आत्याबाई असतात बघा, कोपऱ्यात पाय पसरून बसतात आणि कोण कुणाचा कोण, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, कुणाची सोयरीक कुठं मोडली, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. हे यंत्र तसंच. फक्त ते बुंदीचा लाडू मागत नाही, पुरावा मागतं.

मला लष्करात अधिकारी व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे जवळजवळ झालेच होते. लेखी परीक्षा झाली, पाच दिवसांची मुलाखत झाली, डॉक्टरांनी माझे दातसुद्धा मोजले. गुणवत्ता यादीत मी देशात अकरावी आले होते. राहिला होता तो सुरक्षा पडताळणीचा अर्ज, बासष्ट पानांचा. तेवीस वर्षांत कुठं राहिले, कुणाकडे जेवले, कुणाच्या लग्नात नाचले ते सगळं भरत भरत मी एक्केचाळिसाव्या पानावर आले, आणि तिथं मला मामा निघाला. या तुकडीत नाही तर पुढच्या, एवढीच मुभा होती. त्यानंतर वयाची अट संपत होती. सन २०३९ मध्येसुद्धा ती अट कुणी सैल केलेली नव्हती.

मुबारकभाईंनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं. खाली तपशील उघडला. 'जम्पा लोडो. तिबेटी. परकीय नागरिक.'

"घ्या," मी म्हणाले. "हा तर आपला मामा."

जम्पामामा स्वेटर विकतो. हिवाळा आला की आपल्याकडे गावोगाव तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांतला एक. घर गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत, जन्मही तिथलाच, पण दिवाळी ते संक्रांत मुक्काम कराडच्या स्टँडसमोर. माझ्या जन्माच्या वर्षी आई आठव्या महिन्यात त्याच्या दुकानासमोर चक्कर येऊन पडली. बाबा एसटीत ड्रायव्हर, ते गाडी घेऊन सोलापूरला गेलेले. मामाने दुकान उघडं टाकून तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, एक बाटली रक्त दिलं आणि बाबा येईपर्यंत बाकावर बसून राहिला. पुढच्या भाऊबीजेला आईने त्याच्यासाठी पाट मांडला. माझं जावळ त्याच्या मांडीवर बसून निघालं. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले, तेव्हा तो ऐन हंगामात तेरा दिवस दुकान बंद ठेवून आमच्या ओसरीवर होता. मामा म्हणजे आणखी काय असतं, हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

आता हे सगळं यंत्राला कसं कळलं, ते सांगते.

पूर्वी पडताळणीला हवालदार घरी यायचा, शेजाऱ्यांना चार प्रश्न विचारायचा, चहा पिऊन जायचा. तुम्ही सांगाल ते कागदावर. पण माणूस काय लिहितो यापेक्षा तो कसा वागतो यावरून त्याची नाती जास्त नेमकी कळतात, हे संशोधकांनी दाखवून दिलं. तुम्ही कुणाला कधी फोन करता, वाईट बातमी कळल्यावर आधी कुणाकडे जाता, दवाखान्याच्या बाकावर तुमच्यासाठी कोण किती तास बसतं. दोन जवळची माणसं बोलतात तेव्हा त्यांचे श्वास, थांबे, आवाजाच्या पट्ट्या नकळत एकमेकांशी जुळतात, तेही मोजता येतं. यंत्र मजकूर ऐकत नाही, फक्त कुणी कुणाला काय हाक मारतं ते आणि या जुळण्याचा आकार पाहतं, असं म्हणतात. अशा लाखो धाग्यांतून कुठल्याही दोन माणसांमध्ये एक आकडा निघतो, शून्य ते शंभर. त्याला जवळीक-अंक म्हणतात.

मराठीने तर यंत्राचं काम फारच सोपं केलं. इंग्रजीत अंकल म्हटलं की बापाचा भाऊ की आईचा, की शेजारी, काही पत्ता लागत नाही. आपण चुलता, मामा, आत्या, मावशी म्हणतो, एका शब्दात अख्खा नकाशा देतो. सुरुवातीला यंत्राची त्यातच फजिती झाली. आपण पोलिसाला मामा म्हणतो, कंडक्टरला मामा म्हणतो, ज्याला फसवलं त्यालाही मामा केला म्हणतो. पहिल्या चाचणीत एकेका माणसाला चारशे मामा निघाले. मग त्यांनी यंत्राला शिकवलं की नुसता शब्द धरू नको, रीत धर. ओवाळलं कुणाला, जावळ कुणाच्या मांडीवर, तेराव्याला घरात कोण. तेव्हापासून यंत्र चुकायचं थांबलं.

माझ्या तक्त्यात आईचा अंक होता अठ्ठ्याण्णव. जम्पामामाचा एक्क्याण्णव. सख्ख्या चुलत्याचा चौदा, आणि त्याच्यासाठी अर्जात तब्बल दोन पानं राखून ठेवलेली.

"मग भरू या की," मी म्हणाले. "मामा, जम्पा लोडो. खरं तेच आहे."

मुबारकभाईंनी नात्याचा प्रकार उघडला. चार पर्याय आले. रक्ताचं, विवाहाने, दत्तक, संबंध नाही. पाचवा नव्हता.

"मानलेला कुठं आहे?"

"न्हाई."

"इतर?"

"इतर बी न्हाई. बघ की तूच."

"मग रक्ताचं टाका. त्याने रक्त दिलंय."

"तसलं रगत न्हवं गं बाई!"

"का? माझ्या आईच्या अंगात गेलंय ते. मी तेव्हा तिच्या पोटात होते. अजून किती रक्ताचं हवंय यांना?"

मुबारकभाईंनी टाकलं. यंत्राने आईच्या आणि मामाच्या सामाईक आईवडिलांचा दाखला मागितला. विवाहाने टाकलं, तर मामाच्या बायकोशी आमचं नातं विचारलं. मामाचं लग्नच झालेलं नाही. दत्तक टाकलं, तर आजोबांची सही मागितली. आजोबा जाऊन अठरा वर्षं झाली.

"आजोबांनी त्याला कागदोपत्री दत्तक घेतला असता तर..." मी म्हणाले.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," मुबारकभाई म्हणाले आणि पडद्याकडे बघून स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

मदतवाणीवर फोन लावला. तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एका गोड बाईने मला चाळीस मिनिटांत बावीस वेळा सांगितलं. मग खरा माणूस आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, जावळासकट. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही संबंध नाही असं टाका." टाकलं. यंत्राने लिहिलं, 'विसंगत विधान. जवळीक-अंक ९१.' आणि अर्ज गोठवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

आठवड्याने पुण्याला बोलावणं आलं. पडताळणी अधिकारी रणपिसे म्हणून होते, लष्करातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, टेबलावर एकही कागद नाही. त्यांनी मला पाणी दिलं. माझा सगळा संताप शांतपणे ऐकून घेतला.

"मिस डुबल, यंत्राचं काही चुकलेलं नाही."

"मला माहीत आहे, सर. यंत्र बरोबर आहे. अर्ज चुकलाय."

"असेल. पण अर्ज संसदेने मंजूर केलेल्या नियमांतून आलाय. यंत्र फक्त विकत आणलंय."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. मामाची मोठी बहीण पेमा लग्नानंतर सीमेपलीकडे गेली, ती तिथलीच झाली. तिबेटी नववर्षाला भाऊबहीण फोनवर बोलतात. त्या दोघांचा अंक ऐंशी. माझ्यापासून मामापर्यंत एक्क्याण्णव, तिथून पलीकडे ऐंशी. एक्क्याण्णवचे ऐंशी टक्के म्हणजे त्र्याहत्तर. माझ्यापासून सीमेपलीकडे त्र्याहत्तर अंकांचा रस्ता जात होता. चाळीसच्या वर रस्ता असला की पडताळणी थांबते.

"म्हणजे मामावर संशय आहे तुमचा?"

"मुळीच नाही. फार सज्जन गृहस्थ आहेत. आम्ही पाहिलं ना."

"मग?"

"रस्ता आहे. रस्त्यावरून कोण जाईल हे कुणी सांगावं?"

"आणि तो माझा सख्खा मामा असता तर?"

"तर तुम्हाला सुनावणी मिळाली असती. रक्ताची नाती माणूस निवडत नाही, म्हणून त्यांच्यापायी कुणाला अडवता येत नाही. मानलेली नाती निवडलेली असतात. निवडलेलं सोडता येतं, असं कलमाचं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

रणपिशांनी मिशांवरून बोट फिरवलं. "माझं काम कलम वाचून दाखवण्याचं."

त्यांनी वाट दाखवली ती अशी. निःसंबंध प्रतिज्ञापत्र. माझी, आईची आणि मामाची सही. पण नुसत्या सहीवर भागत नाही, कारण सही खोटी असू शकते. तीनशे दिवसांत आमचे अंक विसाच्या खाली यायला हवेत. माझाही आणि आईचाही, कारण आईवरूनही तोच रस्ता जात होता. शेवटी पुण्यात येऊन यंत्रासमोर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आवाजावरून यंत्र खरं-खोटं ठरवणार. हिरवा दिवा लागला की नेमणुकीचं पत्र.

"आणि त्यानंतर? पुन्हा बोललं तर चालेल?"

"नोकरी असेपर्यंत नाही," ते म्हणाले. "तुमची नोकरी मोठी होवो, एवढं मी म्हणेन. पण या बाबतीत ते म्हणणंही बरं वाटत नाही."

घरी आले तेव्हा मामा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी खात होता. संक्रांत दोन दिवसांवर आली होती, त्याची परतीची तयारी झालेली. मी कागद ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मामाने हात धुतले, रुमालाला पुसले.

"कुठं करायची सही?"

"खबरदार पेनाला हात लावशील तर!" आई उसळली. "कसला कागद म्हणायचा ह्यो? मी चोवीस वर्सं ओवाळतीय ह्याला. आता लिवून देऊ व्हय, की ह्यो माझा कोण न्हाई?"

"अक्का, ऐक की." मामाची मराठी आमच्यापेक्षा कराडी आहे. त्याने बंडीतून त्याचं निळं पुस्तक काढलं, परकीय नागरिकांचं नोंदणी पुस्तक. दर पाच वर्षांनी शिक्का घ्यावा लागतो. "मी जल्मल्यापास्नं कागदावर परकाच हाय. ह्या मातीत जल्मलो तरी परका. कधी मला ताप आला का त्याचा? अजून येक कागद. पोरीच्या खांद्यावर दोन चांदण्या लागत्यात, माझं काय जातंय?"

"नुसता कागद नाही मामा," मी म्हणाले. "फोन नाही. येणं नाही. भाऊबीज नाही."

"किती दिस?"

"तीनशे. आणि मग नोकरी असेपर्यंत."

चुलीवर दूध उतू गेलं ते कुणीही उतरवलं नाही. मग त्याने पेन घेतलं आणि मराठीत जम्पा लोडो अशी सही केली, दुकानाच्या पाट्या वाचून शिकलेल्या अक्षरांत. आईने सही केली ती रात्रीची भांडी घासून झाल्यावर, माझ्याकडे न बघता. मला खूप राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना. मी नको म्हणू शकले असते. म्हणाले नाही. अकरावी आले होते ना मी.

दर सोमवारी अंक यायचा. पहिला महिना, एक्क्याण्णव. दुसरा महिना, एक्क्याण्णव. मी मुबारकभाईंकडे जाऊन टेबलावर हात आपटला.

"दोन महिने शब्द नाही बोललोय त्याच्याशी! काय मोजतंय हे?"

मुबारकभाईंनी तपशील काढला. दर रविवारी सकाळी अकराला मामाचा फोन असायचा. आता नसतो. पण त्या वेळी मी फोन हातात घेऊन बसते, पाच-सात मिनिटं, काही न करता. आईही त्याच वेळी ओसरीवर येते. न केलेला फोनही यंत्र मोजत होतं. आवरलेला हात म्हणजेसुद्धा धागाच.

"त्याची याद काढू नगंस," मुबारकभाई म्हणाले.

"कशी काढू नको? अर्ज आहे का त्याचा काही? नमुना क्रमांक?"

"आसता तर भरून दिला आसता बाळा."

मग मी अभ्यासासारखं विसरायला लागले. रविवारी अकराला पळायला जायचं, फोन घरी ठेवून. त्याने दिलेले स्वेटर ट्रंकेत. जिथं त्याचं दुकान लागतं, त्या स्टँडच्या रस्त्याने जायचं नाही. आईला म्हटलं, तूही अकराला दळण आणायला जात जा. ती जायला लागली. माझ्याशी त्यावर एक शब्दही बोलली नाही, पण दळण वाढलं. दोघींच्या घरात पीठ मावेना. जूनमध्ये माझा अंक एकसष्टवर आला, सप्टेंबरात एक्केचाळीस. आईचा माझ्याआधी उतरला. तो आकडा बघून मला बरं वाटायला हवं होतं. तिने कसा उतरवला असेल या विचाराने मला तिच्यासमोर बसवेना.

भाऊबीजेला आईने पाट काढला नाही. दिवसभर तिने काहीबाही कामं काढली. दिवस मावळल्यावर ताट घेऊन ती गच्चीवर गेली. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. मी जिन्यात उभी होते. पश्चिमेला बीजेची नखाएवढी कोर दिसत होती. आईने कुंकू दाखवलं, अक्षता उडवल्या, तीनदा ताट फिरवलं. चोवीस वर्षांत तिला ही वेळ आली नव्हती. आणि ती माझ्यामुळं आली होती, दुसऱ्या कुणामुळंही नाही. मला रडू फुटलं आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला.

सोमवारी आकडे आले. आईचा अठरा, माझा एकतीस. दिवस उरले होते बावीस.

आता कुणी म्हणेल की तिथंच सोडून द्यायचं होतंस. सोडलं असतं, तर आईने चंद्राला ओवाळलं ते फुकट गेलं असतं. माणूस एकदा पडताळणीत अडकला की त्याचं डोकं असंच चालतं.

मामा त्या वर्षी सांगलीत बसलाय, हे मुबारकभाईंच्या तोंडून निसटलं. मी जायला नको होतं. बसच्या दारात चेहरा दाखवावा लागतो, म्हणजे प्रवासाची नोंद होते. आकडा चढला असता. तरी गेले. मला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर, त्याने एकदा मला माफ केलं म्हणावं असं वाटत होतं.

बाजाराच्या तोंडाशी स्वेटरवाल्यांची रांग होती. तिसरं दुकान त्याचं. वर खांबावर कॅमेरा. मामा थकल्यासारखा दिसत होता, कानावरचे केस पांढरे झालेले. मी समोर उभी राहिले. त्याने वर पाहिलं. डोळ्यांत काहीही हललं नाही.

"बोला मॅडम. लेडीज का जेन्ट्स?"

"मामा," मी हळूच म्हणाले.

"लेडीज हिकडं. साइज सांगा."

"मामा, मी फक्त दोन मिनिटं..."

"घ्यायचा नसंल तर फुडं व्हा मॅडम. गिऱ्हाइकं खोळांबल्यात." शेजारच्या दुकानदाराला तो हसत म्हणाला, "सकाळधरनं नुसतं बघणारंच येत्यात बघा." तो शेजारी हसला. मामाही हसला, माझ्याकडे बघून, अगदी परक्या बाईला हसतात तसं. मग त्याने माझ्यासमोरचे स्वेटर उचलून आत टाकले.

तो मुद्दाम तसं करतोय हे मला कळत होतं. कॅमेरा त्याने माझ्याआधी पाहिला असणार. पण कळून राग जातो असं थोडंच आहे? बसमध्ये बसले तेव्हा माझे कान तापले होते. एवढं करायची गरज नव्हती. नुसतं नाही म्हणायचं. लोकांत हसायचं काय कारण? तो राग मी घरी आणला, रात्री उशाशी घेतला, सकाळी त्याच्यासकट पळायला गेले. आठवडाभर तो राग कमी झाला नाही. रविवारी अकरा कधी वाजून गेले ते मला कळलंही नाही.

सोमवारी अंक आला एकोणीस.

मुबारकभाईंनी केंद्रात सगळ्यांना पेढे वाटले. "आत्याबाई पास!" ते ओरडले. मी पेढा खाल्ला. छान होता.

पुण्याला रणपिशांच्या शेजारच्या खोलीत यंत्र होतं. यंत्र म्हणजे भिंतीत बसवलेली जाळी आणि दोन दिवे, लाल आणि हिरवा. रणपिसे म्हणाले, "एकच प्रश्न आहे. नेहमीच्या आवाजात उत्तर द्या. घाबरलात तर ते यंत्र ओळखतं, त्याची वजावट करतं."

"लाल लागला तर?"

"तर फाइल बंद. पण तुमचे आकडे उत्तम आहेत. लागणार नाही."

मी खुर्चीवर बसले. इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. बसमधून येताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं की लाल लागावा. वर्षभर ज्यासाठी आटापिटा केला ते जावं, पण लाल लागावा. लाल म्हणजे मी खोटं बोलतेय. मी खोटं बोलतेय म्हणजे तो अजून माझा मामा आहे.

जाळीतून एक सौम्य आवाज आला. "जम्पा लोडो तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

हिरवा दिवा लागला. लगेच लागला, विचारसुद्धा केला नाही त्याने.

रणपिशांनी हात पुढे केला. "अभिनंदन, मिस डुबल."

"सर, यंत्र चुकलंय."

"काय?"

"यंत्र चुकलंय. पुन्हा विचारायला सांगा."

"हिरवा लागल्यावर पुन्हा विचारायची सोय नाही."

"लाल लागला असता तर?"

"तर फाइल बंद करण्याआधी आणखी दोनदा विचारता आलं असतं. अपील आहे. हिरव्यावर अपील कोण कशाला करेल?" त्यांनी पत्राचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि ते आवाज उतरवून म्हणाले, "जा आता. आईला दाखवा."

मी पाकीट घेतलं. भिरकावून दिलं असतं तर गोष्ट चांगली झाली असती, पण मी घेतलं.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर गहू निवडत होती. मी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते उघडलं नाही, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून आली. पुन्हा सुपासमोर बसली.

"काय इचारलं त्यांनी?"

"मामा माझा कोण लागतो, एवढंच."

तिचा हात सुपात थांबला. "आन् तू?"

"कोणी नाही म्हटलं."

आईने गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आसूं दे," ती म्हणाली. "नोकरीपायी माणसाला खोटं बोलावंच लागतं. द्येव समजून घेतो. मनात तर हाय न्हवं त्यो?"

"आई," मी म्हणाले, "यंत्र म्हणालं, मी खरं बोलले."